बस्त्याचं कार्ड

सांगली, १६ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. चंद्रा,

आशीर्वाद. तू फोन आपटलास तेव्हापासून माझा आवाज तुला नकोसा झालाय, म्हणून लिहून पाठवते. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

परवा शनिवारी भर गिऱ्हाइकात पोस्टमन आला आणि सुमंतरावांची नोटीस देऊन गेला. रजिस्टर, पोचपावतीसह. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं आमच्या कृष्णाई वस्त्रभांडाराला नोटीस धाडावी, आणि ती घ्यायला मी पोळपाट सोडून पिठाच्या हातानं सही करावी! सुमंतराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. आमच्या ह्यांनी चष्मा पुसून ती तीनदा वाचली आणि म्हणाले, "साडू असावा तर असा. एका जागी ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं नाही."

नोटिशीत विचारलंय की आमच्या कन्येचं नाव आणि आमचा पत्ता आपल्या दुकानाकडे कसा आला, कोणाच्या संमतीनं वापरला, आणि घरातली खाजगी बाब उघड्या कार्डावर छापून पाठवायचा अधिकार आपणांस कोणी दिला. पंधरा दिवसांत खुलासा मागितलाय. पत्ता कसा आला म्हणे! सत्तावीस वर्षं दर दिवाळीला त्या पत्त्यावर मी चकलीचा डबा पाठवते.

बरं, आता खुलासा ऐक. तुला आमच्या धंद्याची रीत पुरती माहीत नाही. दिवाळीत दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही कुपन देतो. त्यावर नाव, पत्ता, आणि खाली एक ओळ, 'घरात लग्नाचे कोणी आहे काय?' सोडतीत प्रेशर कुकर असतो, त्यामुळे लोक पटापटा भरतात. दिवाळी झाली की ती कुपनं वहीत उतरवायची आणि ज्यांच्या घरी लग्नाचं कोणी आहे त्यांना छापील कार्ड टाकायचं. 'आपल्या घरी चि. अमुकतमुक यांचे मंगलकार्य ठरल्याचे समजून आनंद झाला. बस्ता बांधण्यास आमच्याच दुकानी यावे.' नाव तेवढं हातानं भरायचं. अख्ख्या लग्नाचं कापड एका दुकानातून जातं, चंद्रा. एक कार्ड लागू पडलं तर दोन महिन्यांची विक्री एका दिवसात होते. म्हणून सांगलीतली सगळी दुकानं असली कार्डं पाठवतात.

तुझी ज्ञानदा दिवाळीनंतरच्या शनिवारी कवठे महांकाळहून दुकानात आली होती, हे खरं आहे. बँक अर्धा दिवस असते ना तिची. एक साडी बघून गेली. तिनं कुपन भरलं असेल, मी काही तिच्या डोक्याशी उभी नव्हते. आणि कार्डं टाकायचं काम नानासोचं. वीस वर्षं आमच्याकडे आहे तो, पण पोस्टाची पेटी दिसली की त्याला दम निघत नाही. झालं ते असं झालं.

तू फोनवर एकच वाक्य बोललीस आणि ते माझ्या कानातून जात नाही. "मुलगा कोण आणि कुठला याचा राग नाही ताई, माझ्या मुलीचं लग्न मला पोस्टमननं सांगितलं." पोस्टमननं फाटकातूनच पेढे मागितले आणि तू कसले म्हणून विचारलंस, हे ऐकून मला जेवण गेलं नाही.

राग सोड आता. मोठी बहीण आहे मी तुझी.

तुझी
गोदाताई


सांगली, २१ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. चंद्रा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी इथे वेगळ्याच कोर्टात उभी आहे.

आमची सून अश्लेषा वकिलीची परीक्षा पास झालीय हे तुला ठाऊक आहे. शौनकचं लग्न ठरवताना मी फुशारकीनं सगळ्यांना सांगत होते, सून वकील आहे म्हणून. आता कानाला खडा. नोटीस तिच्या हातात पडली आणि पोरीच्या अंगात संचारलं. म्हणाली, "आई, ह्यात काकांचं काही चुकलेलं नाही." मी म्हटलं, कार्ड पाठवू नये असा कायदा आहे का कुठं? तर म्हणते कशी, तसं नावानिशी कलम नाही, पण बक्षिसाचं सांगून पत्ता घ्यायचा आणि वापरायचा जाहिरातीला, ही फसवणूकच झाली. उद्या कोणी ग्राहक मंचात गेलं तर आपण तोंड कुठं लपवायचं? ह्यांनी पेपर वर केला आणि त्यामागे तोंड लपवून दाखवलं.

मग तिनं कुपनांची पेटी आणि पत्त्यांची वही घेतली आणि गादीवर मांडी ठोकली. चार दिवस तेच चाललंय. एकेक प्रकरण बाहेर निघतंय, काय सांगू. मेढ्याकडच्या धुळा नावाच्या गृहस्थानं 'लग्नाचे कोणी आहे काय' ह्यापुढे थट्टेनं स्वतःचंच नाव लिहिलेलं. वय बासष्ट. आम्ही इमानेइतबारे कार्ड पाठवलं, 'चि. धुळा यांचे मंगलकार्य ठरल्याचे समजून आनंद झाला.' कार्ड त्याच्या कारभारणीनं शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं आणि ती चार दिवस भावाकडे जाऊन बसली. हे धुळानंच दुकानात येऊन सांगितलं. वर म्हणाला, "आवं, चाळीस वर्सांत पयल्यांदाच माझ्यासाठी रुसली बगा. लय बरं वाटलं."

आम्ही सगळे हसलो. अश्लेषा हसली नाही. तिनं भिंतीवरच्या खिळ्याला लावलेल्या कागदांतून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. औंधच्या एका बाईंचं होतं, गेल्या वर्षीचं. 'आमच्या मुलीचे लग्न मोडले आहे. कृपा करून पुन्हा कार्ड पाठवू नये.' ते कोणी वाचलंच नव्हतं. ह्या वर्षीही त्यांना कार्ड गेलंय, त्याच मुलीच्या नावानं. मी त्या बाईंना माफीचं पत्र लिहिलं, बंद पाकिटात.

त्यानंतर अश्लेषा म्हणाली, "आई, सगळी कुपनं झाली. ज्ञानदाताईंचं कुपन नाहीच. मग कार्ड गेलं कसं?" मी मला काय माहीत म्हटलं आणि दूध उतू जातंय म्हणून आत आले. गॅसवर दूध नव्हतं.

तर चंद्रा, कुपनाचं मी तुला सांगितलं ते खरं नव्हतं. ज्ञानदा एकटी आली नव्हती. तो मुलगा बरोबर होता, वीरधवल. जनावरांचा डॉक्टर आहे, आईवडील कवठे महांकाळच्या माळावर कोरडवाहू शेती करतात. दोन म्हशी आणि एक बैल तपासून आलो म्हणाला, आणि तसा वासही येत होता. पण बसला कसा सांगू? चपला काढून, हात धुऊन, मगच गादीवर. पोरीनं पोरगा बरा निवडलाय.

आणि एक सांगते, मग आजचं पत्र संपवते. तिनं सगळ्यांत आधी कोणती साडी काढायला लावली ठाऊक आहे? मोरपंखी. मी म्हटलं, अगं नवरीला हा रंग कसा? तर म्हणाली, "माझ्यासाठी नाही मावशी, आईसाठी. तिला मोरपंखी आवडतो आणि ती स्वतःसाठी कधी घेत नाही." ती साडी मी बाजूला काढून ठेवलीय. कपाटात सगळ्यांत वर आहे.

गोदाताई


सांगली, २८ नोव्हेंबर १९९८

चंद्रा,

उद्या नोटिशीची मुदत संपते. खुलासा अश्लेषानं लिहिलाय आणि तो सोबत आहे, पण त्याआधी हे वाच.

परवा तिनं मसुदा माझ्यापुढे ठेवला. 'सदर नाव दुकानाच्या कार्डावर ______ यांनी लिहिले' इथं जागा कोरी. म्हणाली, "इथं खरं नाव असेल तरच मी हे पाठवणार. खोट्या खुलाशाखाली माझी सही नाही पडायची." मी नानासोकडे पाहिलं. बिचारा मान खाली घालून थान गुंडाळत होता. पंधरा दिवस दुकानात सगळे त्यालाच बोल लावतायत आणि तो एका शब्दानं उलटून बोलला नाही. मी त्याच्यादेखत कोऱ्या जागेत माझं नाव घातलं.

कार्डावरचं अक्षर माझं आहे. तू काय ओळखलं नसशील? लहानपणी तुझ्या पाटीवर अक्षरं मीच गिरवून दिलीत. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तुला कुपनाच्या गोष्टी सांगत बसले.

झालं असं. त्या शनिवारी ज्ञानदानं मला सगळं सांगितलं आणि माझा हात धरून म्हणाली, "मावशी, तुळशीच्या लग्नाला घरी जाईन तेव्हा आईला मी स्वतः सांगणार. तोवर कुणाला बोलू नकोस." मी देवाची शपथ घेतली. सोमवारी दुपारी कार्डं भरायला बसले. तीनशे नावं भरून झाली, सगळी परक्यांची. तेव्हा वाटलं, आपल्या पोरीचं नाव कसं दिसतं बघावं एकदा. 'चि. सौ. कां. ज्ञानदा.' लिहिलं. फार छान दिसत होतं. मग पत्त्याची बाजू कोरी बरी दिसेना म्हणून तोही लिहिला. कार्ड बाजूला ठेवलं आणि चहाला आत गेले. बाहेर येते तर नानासोनं सगळ्या गठ्ठ्याला रबर लावून पोस्टात नेऊन टाकलेला.

इथवर चूक म्हणता येईल. पण पुढचं ऐक. टपाल चारला उचलतात. मला कळलं तेव्हा तीन वाजले होते आणि पोस्ट आमच्या दुकानापासून चौथ्या दारात. पोस्टमास्तर ओळखीचे आहेत, मागितलं असतं तर अर्ज लिहून कार्ड परत मिळालं असतं. मी उठले, चप्पल पायात घातली आणि पुन्हा काढली.

का, ते विचारशील. तुमच्या सगळ्यांच्यात गोदेच्या तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणतात ना? म्हणून मला कधी कोणी काही सांगत नाही. तुला दिवस राहिले ते मला बारशाची पत्रिका यायच्या बेताला कळलं. ह्या वेळी पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं. आणि मला वाटलं, तू कार्ड वाचून हसशील, फोन करशील, म्हणशील, ताई, ही काय भानगड? मग मी तुला सांगेन. सांगायचा मान मला हवा होता. तो ज्ञानदाचा होता, आणि ऐकायचा तुझा. मी दोघींचा घेतला.

आणि तुझा तो अर्जही. सातवीतल्या पोरीसारखं हे आता लिहितेय, पण बत्तीस वर्षं राहिलंय. मिरजेला नर्सिंगला जायचा अर्ज तू गुपचूप भरलास आणि फक्त मला दाखवलास. मी जेवताना बाबांसमोर बोलून गेले. त्यांनी अर्ज फाडला आणि तू ताटावरून न बोलता उठलीस. मी तेव्हाही म्हटलं होतं, तोंडातून निसटलं. निसटलं नव्हतं चंद्रा. मी पुढे शिकले नव्हते आणि तू शिकणार होतीस, याचा हेवा वाटला होता. मला क्षमा कर. हे तुला समोर बसून सांगायला हवं होतं.

गोदा


सांगली, २४ डिसेंबर १९९८

चि. सौ. चंद्रा,

सुमंतरावांची पोच आली. 'खुलासा मिळाला, समाधानकारक आहे.' एवढंच आणि खाली सही. ह्यांनी ती पोच फ्रेम करायला काढलीय. तुझ्याकडून मात्र अक्षर नाही. ज्ञानदाही माझ्याकडे येत नाही. बँकेत फोन केला तर "मावशी, काउंटरवर गर्दी आहे" म्हणते, आणि मागे पंख्याशिवाय कसला आवाज नसतो. तिचा राग मला कळतो. आई बोलेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही असं तिनं त्या मुलाला सांगितलंय, हे मला बाहेरून कळलं. म्हणजे माझ्या एका कार्डापायी तुम्ही दोघी मायलेकी अबोल्यात, आणि ते लग्न अधांतरी. मी करायला काय गेले आणि झालं काय.

दुकानात मात्र सगळं बदललंय. अश्लेषानं कायदाच काढला म्हण ना. कुकरचं कुपन वेगळं आणि कार्डाची चिठ्ठी वेगळी. चिठ्ठी भरली नाही तरी कुकरच्या सोडतीत नाव राहतं. चिठ्ठीवर विचारलेलं असतं की आमच्याकडून कार्ड आलेलं चालेल का, कोणाच्या नावानं, उघडं की पाकिटात. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं खूण करायची आणि सही करायची. दुसऱ्याच्या वतीनं कोणी भरायचं नाही, नवऱ्यानं बायकोचंही नाही. आणि नको म्हणून कळवलं की त्याच दिवशी नाव खोडायचं. पहिल्या दिवशी ह्यांनीच तिच्या चिठ्ठीवर आमच्या घरातल्या सगळ्यांच्या वतीनं हो लिहिलं, तिनं त्यांच्यासमोर चिठ्ठी फाडली आणि सात नव्या दिल्या.

मला वाटलं गिऱ्हाईक पळून जाईल. चारशेतली सव्वाशे नावं खोडली गेली, तेव्हा ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. शेजारचे दुकानदार हसले, की वकील सून आणली आणि गिऱ्हाईक घालवलं. पण जी राहिली ती कार्ड आलं की येतातच. ज्यानं आपण होऊन या म्हटलंय त्याच्या दारात जायला लाज वाटत नाही, असं नानासो म्हणाला. वीस वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यांत मोठं वाक्य.

आता खरी गोष्ट सांगते. काल दुपारी एक बाई आली. हिरवं नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात पिशवीत बोरं. बरोबर फेटा बांधलेला नवरा. ती गादीवर बसली नाही, आधी दुकान सगळं बघून घेतलं आणि म्हणाली, "गोदावरीबाई तुमीच व्हय? मी बनुबाई. वीरधवलची आय."

मला वाटलं आता ही भांडणार. तिनं बोरांची पिशवी माझ्यापुढे केली आणि नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, हे आमचं मालक, आकाराम. मालक एक अक्षर बोलले नाहीत, फक्त हसले. फौजेत होते म्हणे, तेव्हापासून बोलायचं काम बायकोकडे.

मी घाईघाईनं शालू काढायला सांगितले. तर तिनं हातानं थांबवलं. म्हणाली, "आज घ्यायला न्हाई आलो. पोरीची आय यील तवाच बस्ता. आयबिगर बस्ता बांधायचा म्हंजी काय, बाजारातनं भाजी न्यायची हाय व्हय?" मग म्हणाली, "त्यास्नी सांगा, आमी वाट बगतोय. घाई न्हाई. पर त्यांच्या दारात आमचं आमी गेलो न्हाई, त्यास्नी इचारून मगच जाऊ म्हणून आदी तुमच्याकडं आलो."

चंद्रा, ही बाई शाळेत गेलेली नाही. तिला जे कळतं ते मला साठीला आले तरी कळलं नव्हतं.

जाताना अश्लेषानं तिच्यापुढे चिठ्ठी धरली, वाचून दाखवली. कार्ड कोणाच्या नावानं पाठवू म्हणून विचारलं. आकाराम पुढे झाले, तर तिनं त्यांना मागे सारलं. "माझ्या नावानं पाठवा. आजवर माझ्या नावानं घरात काय आलंच न्हाई, लाइटबिल बी न्हाई." अंगठा करून दिला आणि शाई पदराला पुसली. आमची अश्लेषा, जी धुळाच्या गोष्टीला हसली नव्हती, ती बाई गेल्यावर तोंड फिरवून डोळे पुसत होती.

पौष लागलाय, आता महिनाभर तशीही लग्नं नाहीत. तुला विचार करायला वेळ आहे.

बोरं गोड होती. तुझ्यासाठी वाळत घातलीत.

ताई


सांगली, १३ जानेवारी १९९९

चि. सौ. चंद्रा,

उद्या संक्रांत. पाकिटात तिळगुळाच्या वड्या आहेत. तीळ माझ्या तोंडात भिजत नाही म्हणून तुझ्या तोंडात घालायला पाठवते. गोड बोल असं म्हणत नाही, काही तरी बोल.

ह्या पाकिटात आणखी एक वस्तू आहे. जोडकार्ड. अर्धं मी लिहिलंय, अर्धं फाडून तू परत टाकायचंस, त्यावर माझा पत्ता घातलेला आहे. पोस्टात मागितलं तर कारकुनानं कपाटातून धूळ झटकून काढून दिलं, म्हणाला, हल्ली कोण वापरतं? आम्ही वापरतो म्हटलं. दुकानाच्या चिठ्ठीचाच मजकूर त्यावर उतरवलाय. गोदावरीकडून पत्र आलेलं चालेल का, हो किंवा नाही. उघडं की पाकिटात. आणि खाली सही.

मी आतापर्यंत तुला चार पत्रं पाठवली आणि हे पाचवं, आणि एकदाही विचारलं नाही की पाठवू का. औंधच्या त्या बाईंसारखी तूही नको नको म्हणत असशील आणि तुझं कार्ड माझ्या खिळ्याला न वाचता लटकत असेल, असं परवा मनात आलं आणि मी हादरले. न बोलणं हे सुद्धा उत्तर असतं. ते मी हो म्हणून धरलं, कारण मला तेच सोयीचं होतं. आमच्या सूनबाईंच्या कायद्यात गप्प राहिलेल्या माणसाचं उत्तर 'नाही' असं धरतात.

म्हणून आता नियम माझ्यावरही. पंधरवड्यात कार्ड आलं नाही, तर मी तुझं नाव वहीतून खोडीन आणि पुन्हा लिहिणार नाही. चकलीचा डबा मात्र दिवाळीला येईल, तो जाहिरातीत मोडत नाही.

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते. सत्तावन्न वर्षांची झाले, सांगलीत चार पेठांत माझ्या ओळखी आहेत, आणि मला तुझ्याशिवाय बहीण नाही. ह्या एका कार्डाइतकी वाट मी आयुष्यात कशाची पाहिली नव्हती.

मोरपंखी साडी अजून कपाटात आहे. गेल्या आठवड्यात जयसिंगपूरच्या एका बाईंना तीच हवी होती. मी म्हटलं, ती गेलेली आहे.

गोदाताई


सातारा, १९ जानेवारी १९९९

ती. गोदाताईस,

शि. सा. न. कार्डावरचा मजकूर वाचला. हो ह्यापुढे खूण केली आहे. पाकिटात ह्यापुढे केलेली नाही. उघडंच पाठव. तुझं पहिलं कार्ड आल्यापासून आमचा पोस्टमन रोज फाटकात थांबून विचारतो, वहिनी, सांगलीचं काही मिटलं का. त्यालाही कळू दे.

तिळगूळ कडक झाला आहे, पाक पुढे गेला. तरी खाल्ला.

ज्ञानदा रविवारी घरी आली होती. मी चहा टाकला आणि म्हटलं, तुला मला काही सांगायचं होतं ना, सांग. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी मला काही माहीत नाही असं धरून ऐकलं. दोन तास लागले. फार छान सांगितलं तिनं.

हे विचारतात, नोटीस मागे घेतल्यावर आमचं कुकरच्या सोडतीतलं नाव राहतं का.

माघ लागला आहे. येत्या सोमवारी सकाळच्या एस.टी.नं बस्त्याला येते. बनुबाईंना मी स्वतः कार्ड टाकलं आहे, त्यांच्याच नावानं. मोरपंखी खाली काढून ठेव, पण नेसून मी बघणार आणि मग ठरवणार.

अर्जाचं समोर बसून बोलू. ते कार्डावर नको.

लग्नाचं मात्र आता सगळ्यांना सांग. चार पेठांत सांग. मी सांगते आहे म्हणून सांग.

सही: चंद्रा